शालनबाईंचं मत

बेलवलीतल्या रामभाऊंना अर्धांगवायू झाला, त्याला आता तीन वर्षं झाली. वय सत्त्याऐंशी, म्हणून मतदानाच्या आठवडाभर आधी निवडणुकीची माणसं टपाली मतपत्रिका घेऊन घरीच आली.

"आजोबांचा हात चालत नाही ना? मग ते सांगतील तिथे तुम्ही खूण करा, आजी. कुणाला सांगायचं मात्र नाही हं," त्यांच्यातल्या मॅडम म्हणाल्या.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे शालनबाई एकेका नावावर बोट ठेवत गेल्या. रामभाऊंनी मान हलवली ती नेहमीच्याच पक्षावर. त्याच पक्षावरून दोघं पन्नास वर्षं भांडत आले होते आणि शालनबाईंचं मत कायम त्याच्या विरोधात पडायचं. पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी तिथेच खूण केली.

"आणि माझं?"

"घरून मत पंच्याऐंशीच्या पुढच्यांनाच. तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. तुम्हाला केंद्रावर यावं लागेल."

मतदानाच्या दिवशी रामभाऊंना सांभाळणारी बाई मत द्यायला मुरबाडला गेली. शालनबाई दिवसभर त्यांच्या उशाशी बसून राहिल्या. सहा वाजले, मतदान संपलं.



यंदा त्या घरातून एकच मत गेलं, शालनबाईंच्याच हाताने आणि शालनबाईंच्याच विरोधात.