परतीची तारीख

सुनेने नव्या स्वयंपाकघराच्या कामाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. सोमवारी जुना ओटा फोडायचा, मग फरशी, मग सुताराची कपाटं. सगळं सहा आठवड्यांत. पहिलीच ओळ होती, 'रविवार: आई ताईंकडे'. मी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. मिक्सरच्या प्लगचासुद्धा दिवस ठरला होता, माझ्या परतीचा नव्हता.

मनात पाल चुकचुकली, तरी मी हसतच विचारलं, "काय गं, मला परत कधी आणणार?"

"अहो आई, काम संपलं की लगेच! धुळीने तुमचा खोकला वाढेल, म्हणून तर पाठवतेय."

चाळीस वर्षांपूर्वी घराचं रंगकाम काढलं, तेव्हा अगदी याच शब्दांत मी सासूबाईंना धाकट्या दिरांकडे पाठवलं होतं.



रंग आठ दिवसांत वाळला. त्यांना आणायला मात्र मी कधीच गेले नाही.