आप्पांच्या पायातलं घुंगरू

"आप्पांना तंबूत न्यायचं न्हाय," उपासनानं पिशवीची नाडी करकचून ओढली. "दोन दिवस निपाणीला तुमच्या ताईंकडं राहू देत."

"पहिल्यांदाच जातोय सगळी, आणि आप्पाच नकोत?" तिच्या नवऱ्याचा, सुगतचा चेहरा उतरला.

तंबू तिलारीच्या धरणाला, अगदी काठावर पडणार होता. सासरे रात्रीचे उठून चालायला लागतात, हे शेजारच्या शालूबाईंनी सांगितलं होतं. "लगबगीनं फाटकाबाहेर निघालते गं. हातात तुझी शाल!"

सुगतची कायम रात्रपाळी, आणि उपासना एकदा पडली की ढाराढूर. तिनं फाटकाला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवली. तरी सकाळी कुलूप उघडंच. म्हाताऱ्यानं किल्ली कशी काढली, देव जाणे. विचारलं, तर आप्पा नुसते हसले होते.

आताही ते दारातनं ऐकत होते. "तू जाणार तर मी येणारच, पोरी."

"आप्पा, तिथं पाणी हाय."

"म्हणूनच."

उपासनानं पिशवी खाली ठेवली.

अखेर सुगतनं तोड काढली. शनिवारी आपल्याच वडगावच्या घराच्या गच्चीवर तंबू ठोकून बघायचा. तो पाळीवर असला तरी बाकी तिघांनी तिथं झोपायचं. आप्पांच्या पायात लेकीच्या, समताच्या नाचातलं एक घुंगरू. रात्री वाजलं, तर आप्पा निपाणीला.

आप्पांनी मुकाट्यानं पाय पुढं केला. गाठ मारताना उपासनाला स्वतःचीच लाज वाटली, पण तिनं ती घट्ट मारली.

सकाळी समतानं तिला गदागदा हलवलं. "आई, घुंगरू लई वाजलं गं! पार जिन्याखाली गेलतं. मला भ्या वाटलं, मी डोळेच उघडले न्हाईत."

उपासनानं घाबरून मान वळवली. पण आप्पा तंबूच्या तोंडाशी बसले होते, धडधाकट. डोळे तेवढे जागून लाल झालेले, मांडीवर तिची शाल.

"आप्पा, ठरल्याप्रमाणं आता निपाणी," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून कठोर निघाला.

आप्पांनी शालीची घडी घातली.

तिनं उठायला म्हणून पांघरूण बाजूला सारलं. छुम् वाजलं. तिच्या तळव्यांना फाटकाबाहेरची तांबडी माती लागली होती, आणि घुंगरू तिच्याच पायात होतं.