नदीबाई, हळू ये

"थांब, थांब, परत घे! केस तोंडावर आले," पूर्वी म्हणाली आणि पुन्हा खिडकीसमोर ताठ उभी राहिली.

इरावतीने मोबाइल वर धरला. नव्या खोलीत अजून फारसं सामान आलं नव्हतं, त्यामुळे आवाज घुमत होता, आणि आपला घुमणारा आवाज पूर्वीला जाम आवडला होता. मागे, पार खाली, काळाचौकीतली त्यांची चाळ काडेपेटीएवढी दिसत होती. पण आजचा विषय चाळ नव्हती. विषय होता 'व्हेलोरा' या गेमचा नवा, दुसरा भाग, आणि पूर्वी त्याच्यावर भयंकर चिडलेली होती.

"तर मंडळी, ओर्मी लोक! पहिल्या भागाच्या शेवटी त्यांची नदी आटली. आटली म्हणजे आटलीच, मी रडलेय तेव्हा! आता दुसरा भाग. शंभर वर्षांनंतर. ओर्मी डोंगरावर राहतात, मेंढ्या पाळतात. आणि रोज संध्याकाळी उंबऱ्यावर पाणी ओतून काय म्हणतात? 'नदीबाई, हळू ये, घर बुडवू नको.' अरे, कुठली नदी? लिहिणारे झोपले होते काय?"

"सवय असेल त्यांची," इरावती मोबाइलमागून म्हणाली. ती शिवाजी पार्कची, पूर्वीच्याच वर्गातली. वाद घालायची, पण हळू आवाजात.

"शंभर वर्षं? नदीच नाही आणि पुराची भीती? कोणाला असते गं असली सवय! सरळसरळ गोंधळ आहे. पहिला भाग न बघताच दुसरा लिहून मोकळे झाले."

"पूर्वी, ते भाषण पुरे," आईने हाक मारली. "ये इकडे, गाऱ्हाणं घालायचंय. इरावती, तूही ये गं."

"म्हणजे काय करायचं?" इरावतीने मोबाइल खिशात टाकत विचारलं.

"देवाकडे नारळ ठेवून मोठा माणूस सगळ्यांसाठी मागतो. आपण प्रत्येक वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लाजू नको, ओरडून म्हण!" पूर्वीने सांगितलं.

एरवी गाऱ्हाणं घालायचा तो पूर्वीचा आजो, कुशाबा. चाळीत त्याने सुरुवात केली की जिन्यापर्यंत ऐकू जायचं. पण शिमग्यानंतर त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. उजवा हातही गेला. म्हणून आज पाटावर बसला होता पूर्वीचा बाबा, वैभव. आजोला शेजारी खुर्चीवर बसवलं होतं, आणि नारळ त्याच्या गुडघ्याजवळ, स्टुलावर. नारळावर हात मात्र त्याचाच हवा, असं बाबाने ठरवलं होतं. गाऱ्हाणं पुरं झालं की हात काढायचा आणि मग नारळ फोडायचा, ही त्यांच्या घरची रीत.

आजोने डावा हात नारळावर ठेवला.

बाबाने घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा! आज तुझ्या पायाकडे ह्यो नारळ ठेवलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या नव्या घरात पोराबाळांका सुखी ठेव. काय चूकभूल झाली असात ती पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इरावतीचा आवाज आता सगळ्यांत मोठा होता.

बाबाने हात जोडले. आईने नारळ फोडायला पाटा पुढे ओढला.

आजोचा हात नारळावर तसाच.

"अप्पा, झाला. सोडा आता," बाबा म्हणाला.

आजोने मान हलवली. नाही.

"दुखतंय का काही?" आईने वाकून विचारलं. पुन्हा नाही. नजर बाबावर, आणि हाताच्या शिरा ताणलेल्या.

"काय राहिलं असेल?" बाबा बोटं मोडत पुटपुटला. "गावच्या देवाला सुरुवातीलाच हात जोडले, चूकभूल झाली..."

पूर्वीला माहीत होतं काय राहिलं. दर गणपतीत त्या ओळीला तिला हसू फुटायचं आणि आई चिमटा काढायची.

"बाबा, गिरणी राहिली."

"अगं, ती मीच गाळली." बाबाने आवाज खाली आणला. "गिरणी आहे कुठे आता? कामगारांच्या सोडतीत अप्पांना ही खोली लागली, ती तिच्याच जागेवर. तिच्याच डोक्यावर तर बसलोय आपण."

आजोने नारळ जरा अजून घट्ट धरला.

पूर्वी खुर्चीजवळ उकिडवी बसली. सकाळपासून खणखणणारा तिचा आवाज आता कुठे दडून बसला होता कोण जाणे. तिने आजोच्या हातावर हात ठेवला आणि त्याच्याच चालीत, जमेल तसं, म्हणायला लागली:

"आणि गिरणीचो भोंगो वेळेवर वाजांदे. तिनय पाळी चलांदेत. कामाक गेलेलो माणूस सांजचो घराक येऊंदे रे म्हाराजा!"

बाबा फरशीकडे बघत राहिला. आजोने मान वर केली, वाट बघत.

इरावती पूर्वीच्या कानाशी आली. "पण पूर्वी, गिरणी तर..."

"गप गं," पूर्वी कुजबुजली. "व्हय म्हाराजा म्हण आधी."

इरावती म्हणाली. मग आई, मग बाबा. आणि आजोची बोटं नारळावरून एकेक करून सुटली.