आडवी रेघ

देवमननं अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली वंदनेची पुस्तिका आज वलगावात प्रत्येकाच्या हातात होती. दोघातिघांनी ती उलटी धरली होती, पण धरली होती दोन्ही हातांनी.

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरची ही पहिली वैशाखी पौर्णिमा. ऊन चढायच्या आत पुंजाजीच्या आवारात अख्खी वस्ती पांढऱ्या कपड्यांत येऊन बसली. बाहेरून कुणालाच बोलावलं नव्हतं. वंदना सांगणार होती केशरबाई, देवमनची सासू. तिला अक्षर येत नव्हतं. नात ललिता रोज वाचून दाखवायची आणि ही घोकायची, असं दोन महिने चाललं होतं. देवमन त्यासाठीच अमरावतीच्या छापखान्यातून सुटी काढून आला होता, आणि त्याला काही एका जागी बसवत नव्हतं.

"करू का सुरू?" केशरबाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता सुरू केलं.

'बुद्धं सरणं गच्छामि'पासूनच्या पहिल्या तीन ओळी खणखणीत गेल्या. देवमनच्या अंगावर काटा आला. शिशाचे मुके खिळे त्यानं एकेक करून लावले होते, आता शंभर गळे ते बोलत होते.

दुसऱ्या खेपेला प्रत्येक ओळीत 'दुतियम्पि' हा एक शब्द वाढतो. "गच्छा," म्हणून सगळे थांबले. दम घेतला. मग एका सुरात म्हणाले, "मि."

देवमननं पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. पान तळहाताएवढं, ओळ लांब. शब्द मावेना म्हणून त्यानंच तो तोडला होता, पुढे आडवी रेघ टाकून 'मि' खालच्या ओळीत ढकलला होता. वाचणारा जोडून घेईल, असं त्यानं धरून चाललं होतं. ललितानं दिसलं तसं वाचलं, केशरबाईनं तसं घोकलं आणि तिच्यामागून वस्तीनं तसंच पाठ केलं. आपल्या तोंडानं म्हणायची पहिली वंदना, आणि ती आपल्यामुळे चुकावी! बोललो तर साऱ्यांचा विरस, गप्प बसलो तर हेच पोराबाळांपर्यंत चालणार.

शेवटच्या ओळीला त्यानं ठरवून आवाज चढवला आणि शब्द अखंड म्हटला. त्याचा एकट्याचा 'मि' आवारात उघडा पडला. पोरी फिदीफिदी हसल्या.

केशरबाई थांबली. जावयासमोर कधी मान वर न करणारी बाई, आज सरळ त्याच्याकडे वळली.

"जवाईबुवा, पुस्तक पायलं नाई काय तुमी? तेथं थांबा लागते."

"मामी, ते माह्याच हातून..."

"हे पाहा." तिनं पुस्तिका पुढे केली. बोट बरोबर रेघेवर होतं. "अक्षर मले एकबी येत नाई. पण हे रेघ मले वाचता येते. साऱ्या जिंदगीत एवढंच वाचलं म्यानं. रेघ आली का दम घ्याचा."

तिचा चेहरा नुसता फुलला होता. देवमननं तिच्या बोटाखालची रेघ पाहिली.

"काय म्हनत होते तुमी?"

"काई नाई, मामी. चालू द्या."

तिसरी खेप सुरू झाली. ओळीच्या शेवटी रेघ आली. देवमननं सगळ्यांबरोबर दम घेतला.