एका घरातले दोन संसार

सिडनीत दोन घरांचं भाडं परवडेना, म्हणून वेगळे होऊनही ग्लेन आणि करीन एकाच घरात राहत होते. घटस्फोटासाठी कोर्टाला दोघांचे संसार खरोखर वेगळे असल्याचं साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. करीनची बहीण मोरीन कागद घेऊन आली. "एकत्र जेवता?" "नाही." "एकमेकांचे कपडे धुता?" "नाही." "बोलता तरी?" "वीजबिल आलं की." "म्हणजे आमच्यासारखंच! आम्ही तर नवराबायको आहोत," मोरीन हसली. करीन हसली नाही. तेवढ्यात ओट्यापाशी ग्लेनने टोस्टला लोणी लावलं, कडा कापल्या आणि बशी सवयीने करीनपुढे ठेवली. मोरीनचं पेन थांबलं. "अगं, मला शपथेवर लिहायचंय. हे काय लिहू?" तिघंही टोस्टकडे बघत राहिली. "मी खात नाही असं लिही." करीन बशी घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे गेली. ग्लेनने पुढे होऊन पायाने झाकण उघडून धरलं.