निरोगी बाईची डबी

सुभद्राबाईंनी प्लास्टिकची डबी उजेडात धरली, झाकण उघडून आत डोकावून पाहिलं आणि सुनेला विचारलं, "एवढुशीच?"

"चमचाभरच लागतं, आत्या," मनिषा म्हणाली. पोटात कळ आली होती, म्हणून ती उंबऱ्यावर बसूनच बोलत होती.

"येवढ्या लांब बीडला जायचं आन चमचाभर न्यायचं? मानसं काय म्हंतील!"

मनिषाला दर महिन्याला मरणाचं दुखायचं. बीडच्या डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं होतं, की गर्भपिशवीच्या आत असतं तसं अस्तर हिच्या पिशवीबाहेरही वाढलंय. त्यांनी औषधं सुरू केली. शिवाय त्या एका गोष्टीचा छडा लावत होत्या: आतड्यातल्या जंतूंचं या दुखण्याशी काय नातं आहे? नातं असावं असं दिसत होतं, पण आधी कुणी कुणाला बिघडवलं हे अजून कळत नव्हतं. सासू-सुनेच्या भांडणासारखंच म्हणा ना. त्यासाठी त्यांना आजारी बाईचा शौचाचा नमुना हवा होता आणि ताडून पाहायला त्याच चुलीवरचं जेवणाऱ्या एका निरोगी बाईचा.

निरोगी! हा शब्द कानावर पडला आणि सुभद्राबाई जमिनीपासून वीतभर वर चालायला लागल्या. "बीडच्या डाक्टरनं माझी निवड केली," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. कशासाठी निवड, असं कुणी विचारलं की पदर तोंडाला लावून तेही सांगत. त्यांनी मिरची सोडली. सकाळी आंबील, दुपारी ताक. "परीक्षाच हाय बाई. जंतू चांगले निघाले पायजेत. घरच्या अब्रूचा सवाल हाय."

शेजारच्या साखराबाईंचा नुसता जळफळाट झाला. "मला कावून न्हाई बोलावलं? माझ्यात काय वाईट हाय?" निघायच्या दिवशी सकाळी त्या बामची रिकामी बाटली घेऊन दारात हजर. बाटली रिकामी नव्हती. "आमचंबी तपासून आणा," म्हणाल्या. नाही कोण म्हणणार?

मनिषाच्या डोळ्यांपुढे मात्र मंगळवार होता. तालुक्याच्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं, पिशवी काढा, कटकट मिटवा. टोळी ऊसतोडीला निघायच्या आत उरकावं म्हणून नवऱ्यानं, अजिनाथनं, मंगळवारची तारीख घेऊन ठेवली होती. फडात ऊस तोडायचा तो जोडीनं; बायको आडवी पडली की नवऱ्याचाही कोयता थांबतो. मनिषा सव्वीस वर्षांची होती. तिला पिशवी काढायची नव्हती. पण ऐकतंय कोण? घरातच दाखला बसलेला. सुभद्राबाईंची पिशवी तिशीतच काढली होती. "काढली आन मोकळी झाले," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांचं ऐकून गल्लीतल्या निम्म्या बायकांनी काढून घेतली.

शिरूरहून तिघं बीडच्या जीपमध्ये बसले. दोन डब्या आणि एक बाटली अजिनाथच्या मांडीवरच्या पिशवीत. पिशवीला तो दोन्ही हातांनी असं जपत होता, की शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कपिलधारचा परसाद का?"

खरं सांगायची सोय नव्हती. अजिनाथनं मान हलवली. म्हाताऱ्यानं पिशवीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि "मन्मथस्वामी!" म्हणत डोळे मिटले. मनिषा महिन्यात पहिल्यांदा हसली. हसताना पोट दुखत होतं, तरी तिला हसू आवरेना.

दवाखान्यात मॅडमच्या टेबलावर दोन ट्रे होते. लाल आजारी बायकांचा, हिरवा निरोगी बायकांचा. मनिषाची डबी लालमध्ये गेली. सुभद्राबाईंनी आपली डबी हिरव्यात स्वतःच्या हातानं ठेवली, अगदी मानाचा नारळ ठेवावा तशी. साखराबाईंची बाटली मॅडमनी चिमटीत धरून बघितली. "हे काय?" यावर तिघांनीही छताकडे पाहिलं.

बाटली कचऱ्यात टाकून मॅडमनी हात धुतले आणि अजिनाथला म्हणाल्या, "औषधाला वेळ द्या. नुसती पिशवी काढून हे दुखणं जाईलच असं नाही."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, मॅडम?" अजिनाथ हसला. "माझी माय बघा की. तिची काढली, तवापासून ठणठणीत हाय. मंगळवारी हिचीबी काढून टाकतो."

मनिषाच्या डोळ्यांत पाणी आलं. आता संपलंच, असं तिला वाटलं. सासूसारखा धडधाकट पुरावा समोर असताना औषधाची बाजू कोण घेणार?

सुभद्राबाई सुनेकडे बघत होत्या. तिनं पोटाशी घट्ट धरलेल्या हातांकडे बघत होत्या. मग त्या उठल्या. त्यांनी हिरव्या ट्रेमधली आपली डबी उचलली आणि लाल ट्रेमध्ये सुनेच्या डबीला लागून ठेवली.

"माय, चुकलीस," अजिनाथ म्हणाला. "तुझी तिकडं."

"चुकले न्हाई रे," सुभद्राबाई मान खाली घालून म्हणाल्या. "माझी पिशवी तेवढी गेली. दुखणं गेलंच न्हाई."