चाळीस डबे, नुसते आकडे

"या वेळी डब्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे," म्हणत बाईंनी खिडकीतून चाळीस डबे आत सरकवले. "कुठल्या डब्यात कुठला कोबी, ती यादी माझ्या कपाटात आहे. कुलपात."

कीटकघराच्या मास्तरांनी एक डबा उचलून चारी बाजूंनी फिरवून पाहिला. "आजवर 'नवा' आणि 'साधा' अशा चिठ्ठ्या असायच्या."

"असायच्या. आता बाहेरची समिती येणार. मला कुणावर विसंबायचं नाही."

"कुणावर म्हणजे माझ्यावर."

"चोराच्या मनात चांदणं!" बाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "आणि काय हा वास! रोगट अळ्या फेकून का देत नाही?"

"देतो की. सवडीने."

बाईंनी मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कोबीत घातला होता. या नव्या कोबीचं पान खाल्लं की अळी मरायची. साध्या कोबीवर तीच अळी मजेत वाढायची. सात वर्षांत अशा अकरा चाचण्या झाल्या आणि अकराही वेळा बाई जिंकल्या. अळ्या पाळायच्या मास्तरांनी, डब्यात सोडायच्या मास्तरांनी. बाईंनी कीटकघराचा उंबरठा कधी ओलांडला नाही, घाण वाटायची.

या चाचण्या सुरू होण्याआधी पहिला शोधनिबंध छापताना बाईंनी मास्तरांचं नाव खोडलं होतं. "अळ्या पाळणाऱ्याचं नाव कोण छापतं?" असं चारचौघांत हसून म्हणाल्या होत्या. मास्तर तेव्हा अवाक्षर बोलले नाहीत. असली माणसं भांडली तर परवडतं, गप्प बसली की नाही. त्यानंतर बाईंची चाचणी यशस्वी झाली की ते एवढंच म्हणत, "चढा, बाई. अजून वर चढा." बाईंना हा जळफळाट ऐकून बरं वाटायचं. पण हा माणूस ऐन वेळी घात करणार, हेही त्या धरून चालल्या होत्या.

"हा निकाल लागला की कोबी शेतात जाणार आणि मी संचालकांच्या खुर्चीत," त्या म्हणाल्या. "पहिली सही कशावर करीन, माहीत आहे? कीटकघराला टाळं लावायच्या कागदावर."

"मग आकडेच ठेवायचे? बघा हं, पुन्हा विचार करा."

"झोंबलं ना?" बाई खूश झाल्या. "आकडेच."

मास्तरांनी प्रत्येक डब्यात वीस अळ्या मोजून सोडल्या. बाईंनी डबे शेजारच्या खोलीत ठेवून तिला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. आंघोळीलासुद्धा काढली नाही.

पाचव्या दिवशी समितीचे तिघे आले. बाईंनी ऐटीत कुलूप उघडलं. "मोजा, मास्तर. तुमच्याच हातानं मोजा."

पहिल्या डब्यात वीसच्या वीस अळ्या जिवंत होत्या. दुसऱ्यातही. मास्तर एकेक झाकण उघडत गेले. चाळिसाव्या डब्यापर्यंत अळ्या टम्म फुगलेल्या आणि पानांच्या शिरा तेवढ्या उरलेल्या. समितीच्या अध्यक्षांनी यादी दोनदा ताडून पाहिली.

"नवा कोणता आणि साधा कोणता, हे यादी असूनही कळत नाही," अध्यक्षा म्हणाल्या. यादी टेबलावर ठेवून तिघेही उठले.

बाई मास्तरांवर धावून गेल्या. "केलात ना घात! काय मिसळलंत डब्यांत?"

"किल्ली तुमच्या गळ्यात होती. पानं तुम्ही कापलीत. मी अळ्या दिल्या, सगळ्या सारख्या, धडधाकट."

"खोटं! अकरा वेळा मेल्या त्या, माझ्याच कोबीवर मेल्या! मग आजच कशा जगल्या?"

मास्तरांनी शेवटच्या डब्याचं झाकण लावलं.

"तेव्हा चिठ्ठ्या असायच्या, बाई. रोगट अळ्या कुठल्या डब्यांत सोडायच्या, ते मला कळायचं."